खुरप्याची मूठ

रविवार, ५ नोव्हेंबर १९६७. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. शाळांच्या शर्यतींच्या मैदानावर चौदा वर्षांच्या नीरजाने आईच्या हातातून खुरपे काढून घेतले आणि मावशीला दिले.

"आई, तू बस. खड्डे मावशी खणेल. चॅम्पियन आहे ती!"

अहल्याचा हात तसाच पुढे राहिला... शर्यत सुटताना पायांना रेटा मिळावा म्हणून रेषेमागे खणायचे ते दोन लहानसे खड्डे! धाकट्या बहिणीसाठी, पद्मावतीसाठी, एके काळी रोज पहाटे तिनेच ते खणले होते. पुढे पद्मावती म्हैसूर राज्यात तीनदा पहिली आली, चामराजपेटेतल्या पोरी तिच्यासारख्या वेण्या वर बांधून धावू लागल्या, आणि तिचा वर्तमानपत्रातला फोटो जाऊन बसला तो अहल्याच्या पोटच्या पोरीच्या कंपासपेटीत! मत्सराने अहल्याचे काळीज करपत होते.

"मागचा खड्डा स्वल्प पुढे घे," तिला राहवले नाही. "तिचे पाय तुझ्याएवढे लांब नाहीत."

"तुला काय कळतं गं आई? तू तर दोनदा बार व्हायच्या आधीच पळालीस नि बाद झालीस. आजोबा अजून हसतात!"

पद्मावतीचे खुरपे थांबले.

"नीरू, तोंड आवर! अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, बजावलं होतं, मद्रासच्या स्पर्धेला घरातली एकच मुलगी जाईल. निवडीच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीपर्यंत अक्का माझ्या चार पावलं पुढे असायची. कधी न चुकणारी नेमकी निवडीच्या दिवशी दोनदा चुकली... माझ्यासाठी!"

अहल्या पांढरीफटक पडली. "तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवसापासून."

"आणि सोळा वर्षं सगळ्यांना मला हसू दिलंस!"

"बोलले असते तर ते यश माझं उरलं नसतं, अक्का..." पद्मावतीला हुंदका आवरेना. तिने खुरपे पुढे केले.

अहल्याने ते हिसकावले, खाली बसली, मागचा खड्डा बुजवला आणि दोन बोटे पुढे नवा खणला. नीरजाने त्यात पाऊल ठेवले.

"बरोबर आहे का गं, आई?"

"सरी, बरोबर आहे. टाच उचल."

सात वाजून दहा मिनिटांनी बार झाला. नीरजा आणि दुसऱ्या शाळेची एक मुलगी, दोघींनी फीत एकदमच तोडली. पंचांची कुजबुज सुरू झाली.

सात पस्तीसपर्यंत निकाल जाहीर झालेला नव्हता. खुरपे अहल्याच्या मांडीवर होते, त्याची मूठ शेजारी बसलेल्या पद्मावतीने धरली होती. अहल्याने तिच्याकडे अजून पाहिले नव्हते; मूठही सोडवून घेतली नव्हती.