करारातल्या चौदा रात्री

"नाही म्हणाले?" ऑफिस गरम ठेवणाऱ्या रेडिएटरशी झटापट करणाऱ्या त्या माणसानं मान वर न करताच विचारलं.

क्लीव्हलँडमध्ये भाड्याच्या घरासाठी गाठलेलं हे माझं चौथं ऑफिस, आणि चौथा नकार. त्यात हा भोचकपणा!

"तुला काय करायचंय?"

"मला? काही नाही. पण भाडेकरूची जुनी प्रकरणं शोधणाऱ्या ज्या अहवालावरून नकार दिला, त्याची प्रत फुकट मागायचा तुझा हक्क आहे. माग. आणि... तुझी टोपी उलटी आहे."

"ती अशीच घालतात," मी ठोकून दिलं.

डेव्हॉन त्याचं नाव. इमारतींची दुरुस्ती करायचा. प्रत आली, ती आम्ही त्याच्या व्हॅनमध्ये एकाच पुडीतले फ्राइज खात वाचली. टोलेडोतल्या कुणा यव्हॉन पेटवेला घरमालकानं कोर्टात खेचलं होतं. मी यव्हेट पेटवे! आडनाव आणि पहिलं अक्षर जुळलं, म्हणून तिचा खटला माझ्या गळ्यात. मी हरकत नोंदवली. उत्तराला तीस दिवस लागणार होते आणि माझी राहती खोली चार दिवसांत सोडायची होती.

"माझ्याकडे ये. सोफ्यावर मी झोपेन... घोरत नाहीस ना?"

"तुझा भाडेकरार काय म्हणतो?"

"पाहुणा — फार तर चौदा रात्री."

त्या चौदा रात्री मी जपून जपून जगले. इतकी सुखी मी कधीच नव्हते. पंधराव्या सकाळी बॅग उचलली, तर हा दारात आडवा.

"या बर्फात गाडीत झोपणार?"

"कळलं तर तुलाही काढतील, डेव्हॉन."

"काढू देत. तू जाऊ नकोस... एवढंच."

मी थांबले. चुकलंच माझं. दोन आठवड्यांत त्याच्या दारावर कोर्टाची नोटीस लागली. आम्ही घर सोडलं, मालकानं खटला मागे घेतला, पण त्याच्या नावावरची कोर्टातली नोंद तशीच राहिली. त्याच आठवड्यात मला पत्र आलं: चूक दुरुस्त केली आहे. माझं नाव स्वच्छ झालं होतं आणि माझ्यापायी त्याचं डागाळलं होतं.

पाचव्या ऑफिसातली बाई गोड हसली. "एकटीच राहणार ना? मग आज किल्ली देते."

"हो म्हण, वेडे," डेव्हॉन कुजबुजला. "एकाला तरी छप्पर मिळू दे."

त्याचा हात गारठला होता. तो सोडून मी पेन घेतलं आणि अर्जावर माझ्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं.

"हे काय केलंस?"

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," मी म्हटलं. "दुसरं काय करू?"

नकार दहा मिनिटांत आला.