मोनॅकोच्या लिफ्टपाशी

शशीकाकांच्या घरात एक नियम होता आणि त्याला ‘का’ विचारायची सोय नव्हती. घरातल्या बायकांचे पासपोर्ट काकांच्या टेबलाच्या खणात, कुलपात. प्रवासाला निघालं की तेच पासपोर्ट काकांच्या कमरेच्या पाउचमध्ये. सुनीतीकाकूचा पासपोर्ट बावीस वर्षं असाच जगभर फिरला होता. पुण्याहून अनुया एमएस्सीसाठी ग्लासगोला त्यांच्याकडे आली, तेव्हा पहिला चहा संपायच्या आत तिचाही खणात गेला होता.

त्याला आता तीन महिने झाले होते. डिसेंबर २००७. साडेचारलाच बाहेर मिट्ट काळोख. अनुया काकांच्या खुर्चीसमोर हात बांधून उभी होती. फेब्रुवारीत ती आणि तिची वर्गमैत्रीण वैभवी फ्रान्समध्ये नीसला जाणार होत्या, तिथून एक दिवस मोनॅकोला. व्हिसाची अपॉइंटमेंट गुरुवारी एडिंबराला. पासपोर्टाशिवाय तिथे दारातही उभं करणार नव्हते, आणि ही तारीख हुकली तर ट्रिप बुडालीच.

“मोनॅको!” काका म्हणाले. “अख्खा देश सकाळच्या फेरफटक्यात संपतो. बघायचंय काय तिथे? दुसऱ्यांच्या बोटी?”

“हो. दुसऱ्यांच्या बोटी.”

“बस जरा. निधी, टीव्ही बंद कर, तूही ऐक.”

निधी त्यांची सोळा वर्षांची मुलगी. “बाबा, इज धिस अ लेक्चर?”

“लेक्चर नाही. घडलेलं सांगतोय. लेस्टरचा नंदू, माझ्याबरोबर हॉस्पिटलात होता, त्याच्या तोंडून ऐकलेलं.”

काकू पलीकडे मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. तिने हे आधी ऐकलं असावं.

“अठ्ठावीस ऑगस्ट २००४, शनिवार,” काकांनी सुरुवात केली. “बँक हॉलिडेचा वीकेंड. लेस्टरहून कोच टूर गेली होती, त्यात नंदू आणि त्याची बायको मधुमती. मोनॅकोत कोच थांबतो तो समुद्रालगत, खडकाच्या पोटातल्या बहुमजली पार्किंगमध्ये. तिथून लिफ्टने वर गावात जायचं. मोजून चार तास. नंदूच्या भाच्याला गाड्यांच्या शर्यतीच्या वळणांचे फोटो हवे होते. नंदूने मधुमतीला सगळ्यात खालच्या मजल्यावर, समुद्राकडच्या दाराशी बाकावर बसवलं. गार वारा होता तिथे. म्हणाला, इथेच बस, हलू नकोस, वीस मिनिटांत आलो.”

“तिला का नाही नेलं?” अनुयाने विचारलं.

“बाई बरोबर असली की वेळ जातो.”

“आणि ती काय करायला गेली होती? बाक बघायला?”

“मध्ये बोलू नकोस.” काकांनी चष्मा काढून पुसला. “वीस मिनिटांचे तीन तास झाले. नंदू धावत आला तो दुसऱ्या लिफ्टने, थेट कोचच्या मजल्यावर. सात वाजत होते. मागच्या सीट्सवर बायकांची गाणी चालली होती. त्याला वाटलं, ही त्यांच्यातच असणार. पुढे पुरुषांत बसला, डोळे मिटले. नीसला हॉटेलपाशी सगळे उतरले. मधुमती उतरली नाही.”

निधी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

“शेवटच्या ट्रेनने तो परत गेला. पार्किंगला पोचला तेव्हा पावणेबारा. बाक रिकामा. हाका मारल्या. त्याचाच आवाज खडकातून परत आला. आणि मग... लिफ्टचा दिवा लागला. त्याने बटण दाबलं नव्हतं.”

काकांचा आवाज खाली आला.

“दार उघडलं. आत मधुमती. पाठमोरी. तोंड भिंतीकडे. साडीतून पाणी गळत होतं... ‘चल,’ नंदू म्हणाला. ती वळली नाही. बोलली नाही. नुसता हात मागे केला. तळवा वर. नंदूने तो हात धरला... तिने झटकला. पुन्हा तसाच पसरला. तेव्हा त्याला कळलं. त्याने कमरेचा पाउच उघडला. तिचा पासपोर्ट काढला. तळव्यावर ठेवला. बोटं मिटली. मग दार मिटलं.”

“आणि लिफ्ट?” निधी कुजबुजली. “वर गेली?”

“वर नाही...” काका थांबले. “सगळ्यात खालचा मजला होता तो. लिफ्ट खाली गेली.”

अनुयाच्या मानेवर काटा आला आणि तो आल्याचा तिला रागही आला.

“नंदू धावत पोलीस चौकीत गेला. पोलिसांनी त्याला खुर्ची दिली. सांगितलं, बाहेर खडकांपाशी पाण्यात एक बाई सापडली आहे. ओळख पटेना, जवळ एकही कागद नाही. सापडली किती वाजता... तर रात्री नऊला.”

“ओ माय गॉड.”

“रविवारी संध्याकाळी त्याच बाकावर तिचा पासपोर्ट मिळाला. कोरडा. आत एक नवा शिक्का. तिथलं पर्यटन ऑफिस हौशी लोकांना आठवण म्हणून मारून देतं, तसा. तारीख एकोणतीस. म्हणजे रविवारचीच. शवागारात होती ती तेव्हा.” काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “बस म्हटलं होतं तिथे बसली असती, तर आज असती. म्हणून असे नियम लागतात. कळलं?”

“नाही कळलं.” अनुया म्हणाली. “ती उठली कधी, हे कोणाला माहीत आहे? कोच सातला निघून गेला तेव्हाही ती बसलेलीच असेल. तुमचा नियम पाळत.”

“उगाच तर्क लढवू नकोस.”

“मग दुसरं काय करणार होती ती? नवरा गेला, कोच गेला. पासपोर्ट नवऱ्याच्या कमरेला. कुठे जाणार, कोणाला काय दाखवणार?”

“अनुया, मोठ्यांशी बोलतेयस!” काका खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी आवाज मऊ केला. “तुझ्या बापाला शब्द दिलाय मी. बरं, असं करू. एडिंबराला मी येतो. फेब्रुवारीत नीसलाही येतो. पासपोर्ट माझ्याजवळ राहील, तुम्ही दोघी मजा करा. झालं?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. किल्ली द्या. नाही दिलीत तर उद्या सकाळी मी पोलिसांना फोन करीन की माझा पासपोर्ट तुम्ही अडकवून ठेवलाय.”

“एका गोष्टीवरून एवढं?”

“गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना, काका? त्या बाईने मेल्यावर नवऱ्याचा हात झटकला आणि स्वतःचा पासपोर्ट मागून घेतला. मला माझा जिवंतपणी हवाय.”

काकांनी काकूकडे पाहिलं, ती काही बोलेल म्हणून. काकूच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. अनुयाने तळवा पुढे पसरला आणि काकांनी खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.