तुरीच्या पोत्यांमागं

लाइन येईपर्यंत सांगतो, पोट्टेहो. लाइन आली की तुम्ही पंख्याखाली पळणार. आमच्या गल्लीतल्या इंदुताईंची ही गोष्ट, त्र्याऐंशी सालच्या पोळ्याची. मला ती कवडू रिक्षावाल्यानं सांगितली, आणि कवडू काही फेकाफेकी करणारा माणूस नव्हता.

इंदुताई महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. शाळा सुटली की झाकणाची टोपली घेऊन कवडूच्या सायकलरिक्षात बसायच्या, इतवारीच्या धान्यबाजारातली बेवारस मांजरं पकडायच्या आणि जनावरांच्या डॉक्टरकडे ऑपरेशनला न्यायच्या. वर्षातून दोनदा चार-पाच पिलं, त्यातली निम्मी नालीत मरून पडलेली, ते त्यांना बघवत नसे. माणसांची नसबंदी संपली, आता बाईनं मांजरांची काढली, असं म्हणून लोक खिदळायचे. ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

त्यांचा एक नेम होता. मादी हाती लागली की आधी पोटावरचे केस बाजूला करून थान दाबून बघायचं. दूध आलं तर तिला तिथंच सोडायचं. पिलं आपलं आपण खायला लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ताराचंद व्यापाऱ्याच्या गोदामातली काळी मांजर सापडली. अंधारून आलं होतं, मांजर ओरबाडत होती, आणि डॉक्टर सणाच्या सकाळी खास त्यांच्यासाठी येणार होता. ताईंनी थान दाबलं नाही. ताराचंदला नुसतं विचारलं, हिला पिलं आहेत का? तो नाही म्हणाला आणि त्यानं गोदामाला कुलूप घातलं.

सकाळी डॉक्टरनं पोटाला चीर दिली आणि मान हलवली. ही ओली आहे बाई, म्हणाला, आठवड्याभरापूर्वी व्यालेली. टाके घातले, पण मांजर शुद्धीवर आलीच नाही. दुपारी चारला गेली. कवडूनं ताईंच्या अंगणात लिंबाखाली खड्डा खणला, ताईंनी माती लोटली आणि तशाच मातीच्या हातांनी ताराचंदचं घर गाठलं. गोदामाच्या समोरच राहायचा तो. पुरणपोळीवर तूप वाढून घेत होता.

"होते चार, तुरीच्या पोत्यांमागं," तो म्हणाला. "तुम्ही मांजरंच तं कमी करून राहिल्या न, इंदुताई? मंग हे चार आयतेच कमी झाले."

ताईंनी किल्ली मागितली. तर किल्ली मुनीमजवळ, मुनीम बैल सजवायला पारशिवनीला गेलेला, तो उद्याची मारबतीची मिरवणूक झाल्यावर येणार. कुलूप तोडा म्हटलं, तर म्हणे चार पिलांपायी सणाला कुलूप तोडू का? आणि त्यानं आणखी एक पोळी मागवली. त्या मांजरीनं तीन वर्षं त्याची तूर उंदरांपासून राखली होती. आजही सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई घरी येऊन जेवल्या नाहीत. राग त्याच्यावर होता, तेवढाच स्वतःवर. एकदा थान दाबलं असतं तर... रात्री साडेअकराला त्यांनी कवडूला उठवलं आणि कुलूप उखडायला लोखंडी सब्बल घ्यायला लावली.

अमावास्या. दुसऱ्या दिवशीच्या मारबतीसाठी रस्ता झाडून ठेवलेला. बाजारात चिटपाखरू नव्हतं. ताईंनी गोदामाच्या दाराला कान लावला. पिलं एक रात्र आणि एक दिवस उपाशी होती. रडत असतील, नाहीतर...

रडत नव्हती.

आतून घुरघुर येत होती. हळू. एकसारखी.

कवडूनंही कान लावला आणि मागं सरला. "ताई... अंदर मांजर आहे. पिलांले पाजून राहिली."

"खड्डा तूच खणला न, कवडू?"

"हो."

"किती खोल?"

कवडूनं सब्बल उचलली नाही. ती ताईंनीच घेतली.

पहिला घाव. घुरघुर चालूच.

दुसरा. चालूच...

तिसऱ्याला कोयंडा उखडला. घुरघुर थांबली.

समोरचं दार उघडून ताराचंद टॉर्च घेऊन धावत आला. पोलिसात देतो, शाळेतून काढायला लावतो, तोंडाला येईल ते बोलत होता. ताईंनी त्याच्या हातातला टॉर्च हिसकला आणि आत शिरल्या. तो मागोमाग.

गोदामाला दार एकच. खिडकी नाही.

तुरीच्या पोत्यांमागं गोणपाटावर चार पिलं. जिवंत. पोटं टम्म फुगलेली. मानेवरचे केस ओले... आत्ताच कुणी चाटल्यासारखे. आणि त्यांच्या शेजारी गोणपाट दबलेलं होतं. मोठ्या मांजराएवढं. रिकामं.



"हात ठेवा," ताई म्हणाल्या.

तो हलला नाही.

ताईंनी त्याचं मनगट धरलं. शाळेत पोराचा हात पाटीवर धरतात तसा त्याचा हात त्या खळग्यात दाबला.

"गरम आहे?"



ताईंनी बराच वेळ सोडलं नाही. सोडल्यावर ताराचंदनं हात टॉर्चच्या उजेडात धरला. तळहातावरून दूध ओघळत होतं.