हो, मीच पाठवलंय

चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत. डिग्रीबिग्री काही नव्हती, व्हायरस पकडतो म्हणून डॉक्टर. आधी थट्टेत म्हणायचे, मग तेच नाव पडलं. त्यालाही ते मनातून आवडायचं, खोटं कशाला बोला!

डॉक्टरचा नियम एकच, पण कडक. ईमेलला जोडून फाइल आली की ती लगेच उघडायची नाही. आधी पाठवणाऱ्याला फोन लावायचा, 'तुम्हीच पाठवलीय का?' असं विचारायचं, आणि त्याच्या तोंडून 'हो' ऐकलं तरच उघडायची. मग पाठवणारा शेजारच्या खुर्चीत बसलेला का असेना. लोक कुरकुरले, पण पाळायला लागले. कारण गेल्या वर्षी आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी न विचारता एक फाइल उघडली आणि कारखाना तीन दिवस ठप्प झाला. डॉक्टरने तेव्हा बाईंना सगळ्यांसमोर उभं केलं. 'मी उघडली, माझी चूक झाली,' हे त्यांच्याकडून मोठ्याने वदवून घेतलं. पन्नाशी उलटलेल्या बाई हातात हात घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि वाक्य संपायच्या आत रडल्या. इतरांना जरा जरब बसावी, एवढंच डॉक्टरच्या मनात होतं. निदान तो तसं म्हणायचा.

घरी थोरली ताई होती. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. लग्न दोघांचंही राहून गेलं, आणि आता दोन खोल्यांत दोघं एकमेकांना धरून होती. त्याने तिला जुना कॉम्प्युटर दिला, नियमही शिकवला. ती तो औषधाच्या वेळेसारखा पाळायची. माझा भाऊ कामात कधी चुकत नाही, असं येईल त्याला ऐकवायची.

तर त्या दिवशी अकराच्या सुमाराला डॉक्टरला एक ईमेल आला. विषय कोरा, मजकूर कोरा, खाली आवाजाची एक फाइल. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं स्वतःचंच नाव, स्वतःचाच पत्ता.

आता नियम म्हणतो, पाठवणाऱ्याला फोन करा. स्वतःच स्वतःला फोन लावून विचारायचं? त्याला हसू आलं. चाचणीसाठी कधीतरी आपणच पाठवली असेल, असं म्हणत त्याने ती उघडली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्याने त्याला सोलून काढलं असतं.

हेडफोनमध्ये आधी पंख्याची घरघर आली. मग लांबवर पॉलिशचं मशिन. त्याच्याच खोलीचे आवाज होते ते. फोन वाजला, कुणीतरी उचलला आणि डॉक्टरचाच आवाज म्हणाला, "हो, मीच पाठवलंय. उघडा." पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी आवाज जरा मऊ झाला.

"हो ताई, मीच पाठवलंय. उघड."

कुणीतरी चेष्टा केली म्हणावं, तर ताईबद्दल इथे कुणाशी तो अवाक्षर बोलला नव्हता. त्याने कॉम्प्युटर तपासला, पुन्हा तपासला. काही सापडलं नाही. मग पाठवलेल्या ईमेलची यादी उघडली. त्याच्या नावाने चार ठिकाणी फाइल गेली होती. बाईंना, पॉलिशच्या मशिनवरच्या उस्तादांना, साहेबांना आणि घरी.

एका मिनिटाचं काम होतं. बाहेर जाऊन सांगायचं, कुणी उघडू नका, मी न विचारता उघडली. तो उठलाही. काचेतून बाई दिसल्या, मान खाली घालून लिफाफ्यांवर शिक्के मारत होत्या. मागच्या वर्षी त्या जिथे उभ्या होत्या, त्याच जागेवर आता आपण उभं राहायचं, आणि त्यांनी ते बघायचं. कानाच्या पाळ्या तापल्या. तो खाली बसला.

फोन वाजला. बाईच होत्या. त्यांनी अगदी शिकवल्यासारखं विचारलं, तुम्हीच पाठवलीय का?

कुणी त्याचा गळा धरला नव्हता. जीभ त्याचीच होती.

"हो, मीच पाठवलंय. उघडा."

काचेपलीकडे बाईंनी हेडफोन लावले. मिनिटभर ऐकलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या. तो न राहवून जवळ गेला, काय झालं विचारलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. काही नाही, तुम्ही हो म्हणालात म्हणून ऐकलं, एवढंच पुटपुटल्या. आणि मग, आणखी हळू, "माझाच आवाज आहे," म्हणाल्या.

उस्तादांचा फोन साडेबाराला आला. तेव्हा तरी नाही म्हणायचं ना? पण आता नाही म्हटलं, तर बाईंना हो का म्हणालात, हे कोण सांगणार? तो हो म्हणाला. पाच मिनिटांनी पॉलिशचं मशिन थांबलं. वीस वर्षांत ते भर कामाच्या वेळी कधी थांबलं नव्हतं.

दोन वाजता साहेबांनी विचारलं, त्यांनाही तो हो म्हणाला. साहेब सगळ्यांना टाळत, पायांकडे बघत गाडीपर्यंत गेले आणि निघून गेले.

आता कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवत असल्याची कळा. डॉक्टरला ती ओळखू येत होती, सकाळपासून ती त्याच्याच चेहऱ्यावर होती. शी! असा कसा मी, असं त्याला झालं. तीन माणसं विश्वासाने विचारायला आली, आणि आपली अब्रू झाकायला त्यांना आत ढकललं.

राहिली होती ताई.

तिच्या फोनची वाट बघायची नाही, असं त्याने ठरवलं. आपणच करायचा, सगळं कबूल करायचं. तिच्या नजरेतून उतरलो तर उतरलो, पण ती तरी वाचेल. चार वाजायला आले होते. त्याने घरचा नंबर लावला.

ताईने फोन उचलला.

"ताई, ऐक. माझ्या नावाने एक फाइल आली असेल. ती उघडू नकोस."

"अरे, तुला विचारूनच तर उघडली मघाशी."

"मला?"

"मी विचारलं, तू हो म्हणालास. आता काय झालं?"

तरी तो बोलत राहिला. सकाळची फाइल, बाई, उस्ताद, साहेब, सगळं सांगितलं. मी घाबरलो, मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो, म्हणाला. "ताई, चुकलो मी." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द तिच्यापुढे उच्चारले, आणि त्याचे डोळे भरून आले.

पलीकडे ताईने सगळं ऐकून घेतलं.

मग तिने विचारलं, "कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"आवाज त्याचा काढलाय खरा." ती परक्या माणसाशी बोलावं तशी, जपून बोलत होती. "पण माझा भाऊ चुकलो म्हणत नाही. मी त्याला ओळखते. कोण बोलतंय?"

तेवढ्यात तिच्या मागे, घरात, खुर्ची सरकली. कुणीतरी कप खाली ठेवला.

"कुणाचा फोन गं, ताई?"

आवाज त्याचा होता. निवांत, कामावरून लवकर घरी आलेल्या माणसाचा.

ताईने फोनवर हात ठेवला असावा. तिचे शब्द पुसट आले, पण आले.

"कुणी नाही रे. चुकून लागला."