चौथा गडी

सरका जरा, मला भिंतीला टेकू द्या. आणि तो जिन्यातला दिवा चालू राहू दे. मला भीती वाटते म्हणून नाही, तुम्ही मध्यरात्री पाणी प्यायला उठाल आणि माझ्या नावानं बोंब माराल म्हणून. भुतावर माझा विश्वास आहे का, ते विचारू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, एवढंच सांगतो.

मी तेव्हा वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. तो होता खेळाच्या पानाचा फोटो संपादक. मैदानावरून फोटोग्राफर ढिगानं फोटो पाठवायचे. त्यातला एक निवडायचा, कडेचं नको ते छाटायचं आणि पानात नेमका बसवायचा, हे त्याचं काम. आम्ही त्याला कात्री म्हणायचो. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतून त्यानं सासऱ्यांना छाटलं होतं, तोल बिघडतो म्हणून! वहिनींनी ते त्याला शेवटपर्यंत ऐकवलं.

छाटण्याचा फोटोवाल्यांकडे एक नियम असतो. माणूस सांध्यावर कापायचा नाही. मांडीवर कापा, दंडावर कापा, पण गुडघ्यावर नाही, मनगटावर नाही. हातपाय तुटल्यासारखा दिसतो. कात्रीनं हा नियम कधी मोडला नव्हता.

आता आधीचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एकदा चार पोरांच्या चमूनं रिले जिंकली. रिले माहीत आहे ना? एकानं पळत यायचं आणि हातातलं बॅटन पुढच्याला द्यायचं. फोटो आला. तिघं गळ्यात गळे घालून ओरडतायत. चौथा, ज्यानं शेवटचा टप्पा पळून शर्यत जिंकून दिली, तो कडेला वाकून उभा. धापा टाकतोय, तोंड पलीकडे, हातात बॅटन. कात्री म्हणाला, "फोटोत आनंद पाहिजे, दमणूक नको." चौथा गेला. फोटोखालच्या ओळीत मात्र नावं चारच राहिली. ती चूक मीही पाहिली नाही.

आठवड्याभरात तो पोरगा सरावाहून परतताना ट्रकखाली गेला.

त्याची आई ऑफिसात आली. हातात आमचा अंक. म्हणाली, "नावं चार आहेत आणि पोरं तीन. माझा राहिलेला असेल ना तुमच्याकडे? त्याचा पळतानाचा एकही फोटो नाही हो घरात." कात्रीनं शोधला. पण वापरून झालेले मूळ फोटो आठवड्याच्या शेवटी पुसले जायचे, जागा लागते म्हणून. त्या माउलीनं अंक घडी करून पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेली. कात्री त्या दिवशी जेवला नाही, हे मी पाहिलं आहे.

या गोष्टीला वर्ष झालं असेल. जानेवारीतला शेवटचा रविवार होता. अमावस्या वगैरे काही नाही हं, लख्ख चांदणं होतं. कात्रीची खरं तर सुट्टी. त्याची एकुलती एक लेक त्या संध्याकाळी परगावी रिले पळणार होती, शेवटचा टप्पा तिचाच. पोरगी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो जाणारही होता, पण बदलीचा माणूस तापानं फणफणला आणि याला ऑफिसात यावं लागलं. आल्या आल्या माझ्यावरच खेकसला, "चहा तरी गरम मिळतो का इथं?"

कामाला बसला. पहिला फोटो फुटबॉलचा. गोल होतोय, आणि डाव्या कडेला कुणीतरी अर्धा आलेला. निळा बनियन, हातात आखूड काठीसारखं काहीतरी. असेल कुणी मैदानावरचा. छाटला.

दुसरा पोहण्याचा. दुसऱ्या गावातला, दुसऱ्या फोटोग्राफरचा. तलावाच्या काठावर, डावीकडेच, निळा बनियन. या वेळी पूर्ण आत आलेला. पळतोय. कात्रीला जरा नवल वाटलं. पण छाटला.

तिसरा बंद हॉलमधला, टेबल टेनिसचा. तिथं पळायला जागाच नाही. तरी पंचाच्या मागं तो होता. अजून आत. चेहरा हललेला, पुसट. हातातलं मात्र स्वच्छ दिसत होतं.

बॅटन.

कात्रीनं फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. तरी त्यानं छाटला. सवय, दुसरं काय.

मग लेकीचा फोटो आला.

ती पळायच्या तयारीत. मान समोर, उजवा हात मागे ताणलेला, तळवा उघडा. रिलेत तसंच घेतात ना बॅटन. मागं न बघता, विश्वासानं. आणि तिच्या मागं...

कात्रीनं मला हाक मारली. आवाज ओळखू येईना. "इकडे ये. हिच्या मागं कोण आहे, सांग."

मी चष्मा सारखा करून पाहिलं. "कोण म्हणजे? तिच्याच चमूतली पोरगी. पिवळा शर्ट."

"पिवळा?"

"पिवळाच की! डोळे तपासून घे लेका."

मी जागेवर गेलो. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, तेही एकदाच.

त्याला पिवळा शर्ट दिसतच नव्हता. निळा बनियन दिसत होता. आणि या वेळी चेहरा पलीकडे नव्हता. सरळ याच्याकडे बघत होता. रागानं नाही. काहीच नव्हतं त्या नजरेत... हात पुढे. बॅटन लेकीच्या तळव्यापासून चार बोटांवर.

त्यानं लेकीला फोन लावला. वाजत राहिला.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तीन बोटं.

फोटो हलत नसतो. त्याला हे माहीत होतं. त्यानं तो बंद केला. उघडला.

दोन बोटं.

पलीकडून पान लावणारी ओरडली, "कात्री, फोटो! छपाई थांबली आहे तुझ्यामुळे!"

फोन वाजतोय. उचलत नाही कुणी.

बॅटन हातात आलं की पुढं पळायचंच असतं. आणि मेलेल्याच्या हातून घेतलं तर पळायचं कुठं?

एक बोट...

त्याला छाटायचं तर जागा एकच उरली होती. लेकीच्या मनगटावर.

कात्रीनं डोळे मिटले. आणि कापलं.

...

थोड्या वेळानं लेकीचाच फोन आला. "बाबा, जिंकलो! बसमध्ये गाणी चालली होती, ऐकूच आला नाही रे फोन." हा टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग सावरून विचारलं, "बॅटन नीट मिळालं ना?"

"मिळालं की. पण गंमत सांगू? मिळाल्यावर मी सुटले, आणि मागून कुणीतरी पुन्हा म्हणालं, घे."

"मग?"

"मग काय? मी पळत राहिले. रिलेत मागं बघायचं नसतं."

सकाळी अंक घरी आला. वहिनींनी पान उघडलं आणि किंचाळल्याच, "अहो, पोरीचा हात कुठं आहे?"

महिन्याभरात कात्रीनं नोकरी सोडली. सगळे म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मीही तेच म्हणालो असतो. पण त्यानं मला घरी बोलावून चमूचा फोटो दाखवला. पोरीनं करंडक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तिथं हजर असलेले चाळीस लोक सांगतील. फोटोत करंडक एकाच हातात आहे. उजवा हात मागे ताणलेला. तळवा उघडा. मग कॉलेजच्या सहलीचा. काही वर्षांनी तिच्या लग्नातला. प्रत्येकात उजवा हात मागे. तिला स्वतःला काही कळत नाही, हात चांगला आहे, स्वयंपाक करते, गाडी चालवते. त्या घरात फोटो काढायची बंदीच आहे. पाहुण्यांना वाटतं म्हातारा चक्रम आहे.

काय म्हणालास? ती कशी आहे?

परवापर्यंत तरी ठणठणीत होती. तिच्या मुलाच्या वाढदिवसाला कुणीतरी काढलाच फोटो. पोरंच ती, कुणाचं ऐकतात? कात्रीनं तो काल रात्री मला पाठवला. सोबत एक शब्द नाही. मी लगेच फोन लावला, आज सकाळपासूनही लावतोय. उचलत नाही.

फोटोत सगळे टाळ्या वाजवतायत. ती मधोमध, हसतेय. उजवा हात मागेच आहे.

मूठ मिटलेली आहे.