सुंठ्याचं घड्याळ

जुन्या घरी असताना सुंठ्या कधी चुकला नाही. केतकीचे बाबा समुद्रातल्या शेवाळशेतीवर कामाला जायचे आणि संध्याकाळच्या बसने परत यायचे. बस अजून खाडीच्या वळणावरही दिसत नसे, तेव्हा हा सुंठीच्या रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा झोपेतून उठायचा, अंग ताणायचा आणि फाटकाशी जाऊन बसायचा. मग थोड्या वेळात बाबा आलेच म्हणून समजा. शेजारच्या काकू तर सुंठ्याला उठलेला बघून चहाचं आधण ठेवायच्या. कुत्र्याला वेळ कळते तरी कशी, हे कोडं मात्र कुणी सोडवलं नव्हतं.

पुढे समुद्र चढत चढत अंगणापर्यंत आला आणि सगळी वाडी सड्यावरच्या (उंच कातळपठारावरच्या) नव्या वसाहतीत राहायला गेली. नवं घर मोठं देखणं होतं. भिंती उन्हापासून वीज बनवायच्या, छप्पर पावसाचं पाणी गाळून साठवायचं, आणि घरासोबत एक यंत्रमानवही मिळाला होता. केतकीने त्याचं नाव ठेवलं नारोपंत. हे नारोपंत म्हणजे नाकाने कांदे सोलणारे. जुन्या सामानाला सुक्या बांगड्यांचा वास येतो म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी गंधशोषक (हवेतले आणि फरशीवरचे वास ओढून घेणारं यंत्र) सुरू केला, तो बंद म्हणून केला नाही. येताजाता अभिमानाने सांगायचे, "घरातले गंधकण शून्य."

अशा या घरात सुंठ्याचं मात्र बिनसलं. बाबा सकाळी कामावर गेले की थोड्याच वेळात तो दाराशी जाऊन बसायचा, तो दिवसभर. झोप नाही की खेळ नाही. मासळी घातलेला भात पुढे ठेवला तरी तोंड फिरवायचा आणि पुन्हा दाराकडे बघायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पण त्यांना काही आजार सापडला नाही.

एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "केतकी, तेका हय मानवणा नाय गो. रविवारी भाईकाकांचो टेम्पो येतलो. त्यांचा घर अजून खाडीकडेच आसा. तेका थयच ठेवूया."

"मी देवचंय नाय," केतकी म्हणाली.

"माका काय हौस आसा? पण हय उपाशी मारूचो काय तेका?"

 केतकी सुंठ्याच्या मानेत तोंड खुपसून बसली. पिल्लू असताना तो तिच्याच हातून दूध प्यायला होता, आणि आता तिच्या हातचा घासही घेत नव्हता. तिला फार वाईट वाटत होतं.

आईने मग आपल्या मावशीला बोलावून घेतलं. ही केतकीची मावशीआजी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर वासांचा अभ्यास करून निवृत्त झाली होती. दुसऱ्या दिवशी ती आली, सुंठ्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने पिशवीतून एक जाडजूड चष्मा काढला.

"हा गंधचष्मा. वास रंगात दाखवतो," ती म्हणाली. "घाल आणि सांग काय दिसतं."

केतकीने चष्मा लावला. सुंठ्याभोवती हिरवट धुकं होतं. तो दोन पावलं चालला, तर पायांमागे हिरवी रेघ उमटली. तेवढ्यात नारोपंत आले, त्यांनी गंधशोषकाची नळी फिरवली आणि रेघ गायब झाली. बाकी सगळं घर कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं.

"सुंठ्या सोडून काहीच नाही दिसत, मावशीआजी."

"तेच तर. आता मला सांग, वास म्हणजे काय?"

केतकीने चष्मा कपाळावर सरकवला.

"माणसाच्या अंगातून, कपड्यांतून सतत रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) सुटत असतात. बाबा घरात वावरतात तेव्हा ते दारावर, खुर्चीवर, फरशीवर बसतात. बाबा गेले की हे रेणू हळूहळू हवेत उडून जातात. म्हणजे वास सकाळी दाट, दुपारी त्याहून फिका, संध्याकाळी अगदी पुसट. आपल्याला हा फरक कळत नाही. आपल्या नाकात गंधपेशी (वास टिपणाऱ्या पेशी) असतात काही लाख. याच्या नाकात असतात काही कोटी."

केतकी विचारात पडली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे बाबांचा वास ठरावीक इतका फिका झाला, की ते यायची वेळ झाली?"

"माझा तसा अंदाज आहे. शास्त्रात त्याला गृहीतक (अजून तपासायचा राहिलेला अंदाज) म्हणतात. ऊन, आवाज, पोटातली भूक, यांवरूनही कुत्र्यांना वेळ कळत असेल. पण या घरात बघ. बाबा गेले की तासाभरात त्यांचा मागमूस उरत नाही. सुंठ्याच्या नाकाला वाटतं, त्यांना जाऊन युगं झाली, आता कुठल्याही क्षणी येतील. अशा वेळी कुणाला घास जाईल?"

केतकी उठली ती थेट नारोपंतांसमोर जाऊन उभी राहिली. "गंधशोषक बंद करा."

"त्यामुळे घर अस्वच्छ होईल," नारोपंत म्हणाले.

"घर झाडा, पुसा. पण वास ओढू नका. तुम्ही रोज त्याचं घड्याळ पुसताय."

नारोपंतांच्या छातीवरचा दिवा बराच वेळ लुकलुकला. शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं. ते म्हणाले, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. केतकीने पुन्हा पुन्हा चष्मा लावून पाहिला. सकाळी बाबांच्या खुर्चीवर झगझगीत केशरी रंग होता. दुपारी तो ओसरला, आणि सुंठ्या त्या खुर्चीखाली पाय ताणून चक्क घोरत होता. उठल्यावर त्याने अर्धा भात खाल्ला. संध्याकाळी केशरी रंग पाणी घातलेल्या चहासारखा पातळ झाला, तसा तो उठला आणि अंग ताणून दाराशी गेला. थोड्या वेळात बाबा आले. केतकीला रडूच आलं.

पण बाबांना काही पटेना. "सवय झाली आसतली. एक दिवस जेवलो म्हणान काय झाला? टेम्पो येतलो तो येतलो." बोलता बोलता सुंठ्याच्या डोक्यावर हात फिरवून ते आत गेले. तो हात रोजचा होता. बाबांना आपण तो फिरवतो हेही ठाऊक नव्हतं.

"त्यांचं चूक नाही," मावशीआजी म्हणाली. "एकदा घडलं म्हणजे पुरावा होत नाही. आपण आता घड्याळ मुद्दाम मागे फिरवून बघू."

शनिवारी सकाळी बाबांनी काढून ठेवलेला बनियन केतकीने घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केला. उन्हं कलायला लागली तसा तो काढून तिने घरभर फिरवला आणि खुर्ची, दार, फरशी, सगळीकडे घासला. चष्म्यातून घर पुन्हा सकाळसारखं केशरी दिसायला लागलं. सुंठ्याने हवा हुंगली, शेपटी दोनदा आपटली आणि निवांत डोळे मिटले.

बसचा आवाज आला. सुंठ्या हलला नाही. फाटक वाजलं. तो खुर्चीखाली घोरतच होता.

बाबा दारात आले. चप्पल काढताना त्यांचा हात नेहमीसारखा खाली गेला आणि रिकामाच राहिला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"सुंठ्या खय आसा?" त्यांचा आवाज बदलला होता. "केतकी, तो बरो आसा मां? भाई आजच येवन गेलो काय?"

बाबांचा आवाज ऐकून सुंठ्या दचकून उठला, आणि झालेली चूक लक्षात आल्यासारखा असा काही धावला की बाबा उंबऱ्यातच बसले. तो त्यांची मान, कान, हनुवटी चाटत होता. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

केतकीने मग डबा दाखवला आणि सगळं सांगितलं.  सुंठ्याच्या बरगड्यांवरून बाबांचा हात फिरत होता.

"म्हणजे तो इतके दिवस माझीच वाट बघी होतो," ते म्हणाले. "सकाळपासून."

"हो, बाबा."

मावशीआजी म्हणाली, "अजून पुष्कळ घरांत, पुष्कळ कुत्र्यांवर हे तपासायला हवं. मी आता म्हातारी झाले. पण या वसाहतीत कुत्री भरपूर आहेत, आणि चष्मा मी इथेच ठेवून जाणार आहे." केतकीने तो लगेच छातीशी धरला. कोणत्या घरापासून सुरुवात करायची, हेही तिच्या मनात ठरून गेलं.

बाबांनी भाईकाकांना फोन लावला आणि टेम्पो आणू नका म्हणून सांगितलं. मग अंगातला घामट शर्ट काढून त्यांनी दाराजवळच्या खुंटीवर अडकवला. थोडं थांबून पुन्हा काढला आणि खालच्या खुंटीवर लावला, सुंठ्याचं नाक पोचेल अशा बेताने.

नारोपंत धुण्याची टोपली घेऊन पुढे आले.

"नारोपंतानू," बाबा म्हणाले, "ह्याका तेवढो हात लावू नकात."