सरळ झालेला डोळा

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. संग्रामपूरच्या बाजारात तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत. ती माणसं फार मायाळू होती, असं आता म्हणतात. होतीही. पण शालूच्या वाट्याला ती माया आली नाही.

शालूचा उजवा डोळा तापात फिरला. बुबुळ बाहेर ओढणारा स्नायू लुळा पडला, ते नाकाकडे सरकलं आणि तिला एकाच्या जागी दोन दिसू लागलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिचं बोट एका सवाष्णीच्या कपाळाऐवजी कानशिलावर टेकलं. एवढंच झालं. सासूबाईंनी, सोजराबाईंनी, तो अपशकुन ठरवला. शालूची रवानगी जळगाव जामोदला, माहेरी. चार वर्षांची प्रतिमा मात्र त्यांनी ठेवून घेतली.

"डोया सरय कर, मंग पोरीचं तोंड पाह्य," असा निरोप आला.

वडिलांनी, उकंडरावांनी, तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं. पट्टी काढून डॉक्टरांनी नाकासमोर बोट धरलं.

"किती?"

"एक."

"झालं तर मग!"

"पण साहेब, उजवीकडं पाह्यलं का अजून दोन दिसते."

"अहो बाई, स्नायू मेलेला होता. शेजारचा सरकवून बांधलाय. समोर एक दिसतंय ना? बाजूला बघायचं तर मान वळवा. नाहीच जमलं तर एक डोळा झाका, दुसरं आपोआप जाईल." मग शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "उत्तम निकाल."

शालूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बघणार ती, आणि निकाल लावणार हे! जो तो तिच्या डोळ्याकडे बघत होता. त्या डोळ्यातून काय दिसतं, हे ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"चूप राह्य," बाप कानात म्हणाला. "पोरगी पाह्यजे ना तुले?"

पोरगी हवी होती. तिनं पिशवी उचलली.

डॉक्टरांची युक्ती मात्र खरी निघाली. एसटीच्या खिडकीतून उजवीकडे दोन बैल दिसत. डोळा झाकला की एक बैल जाई. दोन कडुनिंब दिसत. एक जाई.

संग्रामपूरला सोजराबाई ओसरीवर कुंकवाचा करंडा घेऊनच बसल्या होत्या.

"लाव मले."

शालूनं लावलं. अगदी भुवयांच्या मधोमध.

"हाव, आता माणसावानी दिसते. पण आयक वं, पुन्हा दोन दिसते म्हणशील तं आल्या पावली माघारी जाशील. अन् एकटी."

आतून प्रतिमा धावत आली आणि तिच्या गुडघ्यांना बिलगली. तिच्या उजवीकडे दुसरी प्रतिमा उभी राहिली. तोच फुलाफुलांचा झगा, तशाच रिबिनी.

शालूनं शिकवल्याप्रमाणे मान वळवली. दुसरी हलली नाही.

पहिली हसत होती. दुसरी हसत नव्हती.

शालूनं उजवा डोळा झाकला.

दोघी.

उजवा उघडून डावा झाकला.

दोघी.

तुळस एक होती. सोजराबाई एकच होत्या. उंबरठा एक होता.

"काऊन वं, डोयाले काय झालं?" सोजराबाईंनी मान पुढे केली.

शालूच्या छातीत संताप उसळला. वाटलं, त्या डॉक्टराला बखोट धरून इथं उभं करावं. मोजा म्हणावं आता. लावा निकाल. सासूलाही सांगावं, तुम्हीच पाठवलं होतं ना सरळ करून आणायला?

पण शब्द काढला की पोरगी गेली.

"काही नाही, आत्याबाई. धूर गेला," ती म्हणाली आणि तिनं दोन्ही डोळे गच्च मिटले.

प्रतिमेनं तिचा डावा हात धरून ओढला. "माय, चाल ना घरात."

शालूच्या उजव्या मुठीत तेवढीच लहान बोटं हळूच शिरली. ती गार होती. ओढत मुळीच नव्हती. नुसती धरून होती.